एक खोकला बेकरीचा

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे दहा वाजले आहेत, पण उजेड दिवेलागणीचा आहे. कुणा चक्रम माणसानं सूर्यापुढे पिवळा कागद धरावा आणि तो तसाच विसरून चहाला निघून जावं, तसा. लाँड्रीची पुढची खोली. डावीकडे काउंटर आणि त्यामागे उंच पाठीची एक खुर्ची. मधोमध इस्त्रीचं लांब टेबल. त्यावरची घोंगडी वर्षानुवर्षांच्या आचेनं मधल्या पट्ट्यात चहाच्या रंगाची झालेली. मागचं दार सताड उघडं, पलीकडे अंगण, अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर चादरी. चादरी हलत नाहीत, कारण वाराच नाही. टेबलाशी एक शिडशिडीत गृहस्थ मान खाली घालून उभे आहेत. त्यांनी एका कॉलरवर पाण्याचा हबका मारला, इस्त्री टेकवली, वाफेचा एक ढग वर उठला.

आणि त्या ढगात एक नाक शिरलं.

नाकामागोमाग मावशी आल्या. त्या नेहमी याच क्रमानं यायच्या. डोळे मिटलेले, उजवा हात वर. काउंटरपलीकडे तीन गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी. मावशींनी वाफ ओढली, थांबल्या. कुठं थांबायचं आणि किती, हे त्यांना बरोबर कळायचं. आता हात खाली येणार आणि तोंडातून घराचं नाव बाहेर पडणार, एवढ्यात...

हात वरच राहिला.

असं आजवर कधी झालं नव्हतं. ते का झालं आणि त्यात एवढं काय मोठं, हे कळायचं तर मावशींचा धंदा आधी समजून घ्यायला हवा.

या लाँड्रीत कपड्यांना खूण नसे. ना आकडा, ना रंगीत दोरा, ना शाईचा ठिपका. सगळ्या गल्लीचे पांढरे कपडे एका हौदात, रंगीत दुसऱ्यात. मग दोरी, मग इस्त्री, आणि इस्त्रीच्या वेळी कुठला शर्ट कुठल्या घरचा, हे मावशी नाकानं सांगत. "साबण मळ काढतो, माणूस काढत नाही," हे त्यांचं ब्रीद. गरम इस्त्री टेकली की शिवणीत दडून बसलेला माणूस वाफेबरोबर वर येतो, असं त्या म्हणत. ऐकणाऱ्याला थाप वाटायची. पण बेकरीवाल्याच्या शर्टातून त्यांना आंबवलेल्या पिठाचा वास यायचा, दातांच्या डॉक्टरांच्या कोटातून लवंगेचा, आणि निवृत्त न्यायाधीशांच्या कपड्यांतून डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या कायद्याचा. जुन्या कायद्याला वास असतो, हे मावशींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या उशीच्या अभ्र्यातून गुलाबाच्या तेलाचा वास यायचा. एकदा तोच गुलाब न्यायाधीशांच्या अभ्र्यातून वर आला. मावशींनी डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले आणि खणखणीत आवाजात "न्यायाधीश!" एवढाच निकाल दिला. लाँड्रीवालीनं वास घ्यावा, वाच्यता करू नये.

गिऱ्हाइकं हा खेळ बघायला मुद्दाम थांबत. पाठीमागे गल्ली त्यांना 'नाकशेठ' म्हणायची. मावशींना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नव्हतं. नुसत्या शेठना कोण विचारतं!

इस्त्री करणारे गृहस्थ म्हणजे मावशींचे यजमान. गल्लीचे काका. त्यांना बोलताना फार कमी लोकांनी ऐकलं होतं. त्यांना मूक म्हणावं, तर इस्त्री त्यांच्यापेक्षा जास्त आवाज करायची. मुलगा सायकलवर गठ्ठे लादून घरोघरी पोचवायचा आणि घरात आईकडे एकदा, बायकोकडे एकदा, अशी समसमान मान डोलवायचा.

आणि सूनबाई? ती पार्सल ऑफिसातून आलेली. तिथं शेकडो खोकी आकड्यांच्या भरवशावर देशभर हिंडायची आणि एकही चुकायचं नाही, असं ती सांगायची. लग्न होऊन पुरता महिना झाला नसेल, तोच तिनं आकडे छापलेल्या कापडी पट्ट्यांचा डबा आणून काउंटरवर ठेवला. मावशींनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण बंद केलं.

"पार्सल ऑफिस," त्या म्हणाल्या. "ने परत."

"आई, उद्या तुम्हाला सर्दी झाली तर?"

"मला? सर्दीची एवढी हिंमत?"

"तरी समजा."

काउंटरवर त्या वेळी निम्मी गल्ली उभी होती, आणि निम्मी गल्ली समोर असताना मावशींना साधं बोलता येत नसे. कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन त्यांनी तो हवेत खुळखुळवला. "ऐका हो सगळे! ज्या दिवशी हे नाक चुकेल, त्या दिवशी ही खुर्ची आणि या किल्ल्या हिच्या. मग मी शब्द काढला तर माझं नाव बदला!"

न्यायाधीशांनी गंभीरपणे मान हलवली. झालं, करारावर सहीच झाली म्हणायची.

त्यानंतर काही वर्षं बरी गेली. मग डोंगरापलीकडची जंगलं पेटली.

पेटली ती दूर, इथून ज्वाळा दिसायचं कारण नव्हतं. पण धुराला कुठं तिकीट लागतं! तो आला आणि चिवट पाहुण्यासारखा बसला. 'निघतो' म्हणून उठायचा आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा टेकायचा. सूर्य घासून गुळगुळीत झालेल्या तांब्याच्या नाण्यासारखा दिसू लागला. ऊन खाली पोचेना, म्हणून ऐन उन्हाळ्यात लोकांनी पेटीतले स्वेटर काढले. रस्त्यावरचे दिवे भरदुपारी आपोआप लागायचे आणि बावचळून विझायचे. तिकडे डोंगरावर आगीच्याच धगीनं ढग चढायचे, गडगडायचे, वीज टाकायचे आणि त्या विजेनं आणखी एक रान पेटवून मोकळे व्हायचे. पाऊस द्यायचं मात्र नाव नाही. एकदा दिला, तो राखेत कालवलेला. दोरीवरच्या सगळ्या चादरींवर करडे ओघळ उमटले आणि हौद पुन्हा भरावे लागले. रेडिओवरचा हवामानवाला रोज सांगायचा की उद्या वारा सुटेल. सांगायच्या आधी तोही खोकायचा.

खोकला तर असा पसरला, की न खोकणारा माणूस संशयास्पद वाटू लागला. डोळे लाल, घसे बसलेले, गाण्याच्या बाईंचा वर्ग बंद. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं: खिडक्या लावा, दाराच्या फटींना ओली चादर अडकवा, बाहेर पडाल तर मास्क घाला. सूनबाईनं त्याच दिवशी घरात चौघांना पुरतील एवढे मास्क आणले. स्वतः घातला, नवऱ्याला घातला. काकांनी हनुवटीवर अडकवला. त्यांचं म्हणणं, वाफेनं तो भिजतो.

मावशींनी हातसुद्धा लावला नाही.

"आई, ऐका. दिवसभर तुम्ही अंगणात दोऱ्यांपाशी असता. सगळा धूर तुमच्याच छातीत जातोय."

"सूनबाई, सोनार तराजूवर रुमाल टाकून सोनं तोलतो का? नाकाला झाकण घालून मी धंदा कसा करू?"

"थोडे दिवस तरी."

"माझ्या नाकानं या धुरासारखे छप्पन्न धूर पचवलेत," मावशी म्हणाल्या आणि तो धूर दाखवून दाखवून ओढला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी सूनबाईच्या काळजीमुळे आल्यासारखं पुसलं.

आता पुन्हा त्या पिवळ्या सकाळी येऊ. हात वरच आहे. पहिल्या काही दिवसांत सगळ्या कपड्यांना धुराचा वास यायचा, तरी त्याच्या तळाशी माणूस लागायचा. आज धुराचाही वास नव्हता. वाफ आली, गरम लागली आणि गेली. मागच्या दारात सूनबाई ओल्या चादरींची बादली घेऊन उभी होती आणि तिची नजर त्या वर राहिलेल्या हातावर होती.

मावशी शेवटी मावशी. त्यांनी तोच हात छातीवर आणला, जोरदार ठसका लागल्याचं सोंग केलं, पाणी मागवलं आणि गिऱ्हाइकांना "उद्या या, आज धूर फारच आगाऊ आहे" म्हणून वाटेला लावलं. सूनबाई बादली घेऊन अंगणात गेल्यावर त्या काकांच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या. मावशींची कुजबूज म्हणजे ती शेजारच्या दुकानापर्यंत जायची. नशीब, ते धुरामुळे बंद होतं.

"अहो, काही येत नाही."

"बेकरी," काका म्हणाले.

"काय?"

"मघाचा शर्ट. उजव्या बाहीला भट्टीचा चटका आहे."

मावशी बघतच राहिल्या. "तुम्हाला ओळखू येतं?"

"हाताला कळतं."

"सगळे?"

"सगळे."

"कधीपासून?"

काकांनी इस्त्री उभी ठेवून विचार केला. "मुलगा रांगत होता ना, तेव्हापासून."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत!"

"तुझं छान चाललं होतं."

हे कौतुक म्हणायचं की अपमान, हे ठरवायला मावशींना जरा वेळ लागला. तेवढ्यात काकांनी त्या वर्षातलं आपलं सगळ्यात लांब भाषण केलं. "मी खोकतो. एकदा म्हणजे बेकरी. दोनदा न्यायाधीश. तीनदा गाण्याच्या बाई. चारदा दातवाले. घसा खाकरला तर बँकेतले साहेब."

"आणि कुणाच्या लक्षात आलं म्हणजे?"

"सध्या खोकल्याकडे कोण बघतं? अख्खी गल्ली खोकतेय."

दुसऱ्या दिवसापासून खेळ सुरू झाला आणि रंगला. वाफ उठायची, काका खाली मान घालून "ख्हु, ख्हु" करायचे, आणि मावशींचा हात खाली यायचा: "न्यायाधीश!" पूर्वी त्या फक्त नाव सांगत. आता नाकाचं बंधन सुटल्यामुळे कल्पनाशक्तीला पंख फुटले. "बेकरी! आज पाव जरा कच्चे राहिलेत." "दातवाले! रात्री भांडण झालंय घरात." बेकरीवाला शपथेवर सांगायला लागला की पाव खरंच कच्चे होते. गिऱ्हाइकं वाढली. बाहेर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सूर्यसुद्धा नाही. लोकांनी जायचं तरी कुठं?

सूनबाई मात्र डोळे बारीक करून बघायची. "सगळ्यांची नाकं बसली, आई. तुमचं बरं चाललंय."

"घराणं लागतं, सूनबाई, घराणं."

मग एका सकाळी काका दोनदा खोकले. मावशी "न्या..." म्हणेपर्यंत आणखी दोनदा खोकले. "दातवाले!" पुढच्या कपड्याला एकदा, मग थांबून दोनदा, मग सलग. मावशी मोजत होत्या, घामाघूम होत होत्या आणि हसऱ्या चेहऱ्यानं नावं ठोकत होत्या. गठ्ठे बांधले, मुलगा सायकलवर टांग टाकून गेला.

दुपारी सगळी गल्ली काउंटरवर परत आली.

बेकरीवाल्याच्या हातात दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट होता. दातांचे डॉक्टर बेकरीचा एप्रन दोन बोटांत धरून उभे होते. बँकेतल्या साहेबांना फुलाफुलांचा एक झगा मिळाला होता, आणि तो कुणाचा, या विषयावर सोबत आलेल्या पत्नीनं त्यांना जेवू दिलं नव्हतं. न्यायाधीश रिकाम्या हातानं आले. त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमाच गायब होता.

"तो गाण्याच्या बाईंच्या गठ्ठ्यात गेला असेल," मुलगा म्हणाला.

तेवढ्यात गाण्याच्या बाई स्वतः आल्या. साहेबांच्या हातून त्यांनी आपला झगा घेतला, साहेबांच्या पत्नीला नमस्कार केला आणि निघाल्या.

"बाई," सूनबाईनं हाक मारली, "तुमच्याकडे चुकून एक पायजमा आलाय का?"

"आलाय," बाई म्हणाल्या. "पण चुकून नाही." आणि त्या गेल्या.

न्यायाधीशांनी घसा साफ केला आणि आपली तक्रार नसल्याचं जाहीर केलं.

त्या पायजम्यानं मावशींना घटकाभर वाचवलं. पण गल्ली हसत हसत घरी गेल्यावर सूनबाई तिथंच उभी होती. तिची नजर फक्त मावशींच्या कमरेवरून फिरली.

"बघतेस काय?" मावशी म्हणाल्या. "घोडासुद्धा ठेचाळतो. त्याला तर चार पाय असतात."

"बरं," सूनबाई म्हणाली. "उद्या बघू."

उद्या! मावशींनी मधलं दार लावून घेतलं आणि काकांवर तोफ डागली. "दोन ठरले होते ना? मग चार का खोकलात? भर गल्लीत नाक कापलंत माझं! उद्या पुन्हा चुकलं तर संपलं सगळं, ती खुर्ची गेली. तुम्हाला दोनपर्यंत मोजता येत नाही?"

"दोन तुझे होते," काका म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"ते आपोआप आले."

मावशींपाशी बोलायला अजून पुष्कळ होतं. तोंड उघडलेलंही होतं. पण त्यांना दिसलं की काका बसले आहेत. कपड्यांच्या गाठोड्यावर बसून इस्त्री करताहेत. या माणसानं उभ्या जन्मात बसून इस्त्री केली नव्हती. बसून केलेल्या इस्त्रीला तो इस्त्री म्हणतच नसे. प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे कानांपर्यंत जात होते. ओठांचा रंग धुतलेल्या शाईसारखा झाला होता.

"कधीपासून?" मावशींनी विचारलं.

"परवापासून असेल."

"आणि सांगितलं नाहीत!"

"खोकलो की."

दवाखाना दोन घरं सोडून होता, पण मावशी आणि सूनबाई दोन्हीकडून धरून नेत असतानाही तेवढं अंतर चालायला काकांना तीनदा भिंत धरावी लागली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर न्यायाधीश, बेकरीवाला, बँकेतले साहेब. दुपारी लाँड्रीत जमलेली निम्मी मंडळी आता इथं डोळे चोळत बसली होती. डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा आवाज बसला होता आणि माणसामागून माणूस बघून त्यांचे डोळे तारवटले होते. त्यांनी शर्टावरूनच काकांच्या छातीला नळी लावली आणि सूनबाईला विचारलं, "किती दिवस आहे खोकला?"

"आठ-दहा दिवस तरी झाले."

"जास्त कधी येतो?"

"सकाळी, इस्त्री करताना," सूनबाई म्हणाली. तिनं खरंच लक्ष ठेवलं होतं. "एकदा, दोनदा, फार तर चारदा. मोजून मापून खोकल्यासारखा. गिऱ्हाईक गेलं की थांबतो."

"मग घसा वाफेनं धरलाय. इतके दिवस असा थांबून थांबून येतोय, म्हणजे घाबरायचं कारण नाही. इस्त्री बंद ठेवा, हे औषध घ्या. चला, पुढचं कोण?"

काका लगेच उठले. उठताना त्यांनी मावशींकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लावायला नाक लागत नव्हतं: गप्प राहा, खुर्ची वाचली.

आणि वाचलीच होती. मावशींनी नुसतं त्यांच्या मागून दाराबाहेर पडायचं होतं. किल्ल्या कमरेला होत्या, गल्ली बाकावर बसलेली होती, कुणाला काही कळलेलं नव्हतं. काकांनी उंबऱ्याला हात टेकला, वाकले, आणि त्यांना खोकला आला. तो एकदाचा नव्हता, दोनदाचा नव्हता. तो मोजण्यातला नव्हताच.

"थांबा!" मावशी म्हणाल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. "डॉक्टर, हा खोकला सगळा धरू नका. यातला बराचसा खोटा आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "खोटा म्हणजे?"

"म्हणजे सुटा एकच येतो तो बेकरीचा. दोन आले तर न्यायाधीश."

"मी?" बाकावरून न्यायाधीश दचकले.

"तुम्ही बसा. तुमचं आज पुष्कळ झालंय." मावशी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "माझं नाक मेलंय. धुरानं खाल्लं. हे खोकून खुणा करायचे आणि मी नावं सांगायची. सकाळचे, मोजलेले, थांबून थांबून आलेले, ते सगळे माझे आहेत. ते यातून काढून टाका. जे उरतात ते परवापासूनचे आहेत, आणि ते थांबत नाहीत. ते यांचे आहेत. तेवढेच बघा."

कुणी हसलं नाही. बेकरीवाल्यानं फक्त हळूच विचारलं, "म्हणजे पाव कच्चे नव्हते?" आणि त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं.

डॉक्टरीणबाईंनी काकांना परत आत ओढलं, शर्ट काढायला लावला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, त्यावरचा आकडा बघितला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. तोच आकडा. "ही काय पायी आणायची अवस्था आहे? अशा स्थितीत हे बोलत कसे होते?"

"ते बोलतच नाहीत," मावशी म्हणाल्या. "तोच तर घोळ आहे."

भराभर हालचाली झाल्या. काकांना आतल्या खाटेवर उशांना टेकवून बसवलं, तोंडावर औषधी वाफेचा मास्क चढवला, प्राणवायूची नळी जोडली. थोड्या वेळानं खांदे कानांपासून खाली आले. "उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मावशींकडे वळल्या. "नाक कदाचित परत येईल, कदाचित नाही. तुम्हाला मास्क घालायला सांगितला होता ना मी?"

मावशींनी मान खाली घातली. ही गोष्ट गल्लीनं नीट बघून ठेवली. पुन्हा बघायला मिळेल याचा भरवसा नव्हता.

त्यांनी कमरेचा जुडगा सोडवला आणि सूनबाईच्या हातात ठेवला.

"आई, हे काय? घरी जाऊन बोलू."

"घरी साक्षीदार नसतात. घे. अंगणाचं दार आजपासून बंद, चादरी आत वाळव. आणि त्या पट्ट्या लावायच्याच असतील तर आतल्या शिवणीला लाव, बाहेरून दिसता कामा नयेत. आपण लाँड्री चालवतो, पार्सल ऑफिस नाही."

"आतल्या शिवणीलाच लावते," सूनबाई म्हणाली. तिनं किल्ल्या घेतल्या, पण त्या वाजू दिल्या नाहीत. मग पिशवीतून एक नवा मास्क काढून तिनं सासूबाईंपुढे धरला. मावशींनी तो उलटा घातला. सूनबाईनं सरळ केला.

खाटेवर काकांनी हे सगळं पाहिलं. त्यांनी वाफेचा मास्क बाजूला केला. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, बहुधा समजुतीचं. मावशींनी त्यांना पहिल्या शब्दापर्यंतही पोचू दिलं नाही. मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर दाबून बसवला, मागची पट्टी नीट केली आणि खाटेच्या कडेवर टेकत म्हणाल्या, "गप्प बसा. आणि यापुढे खोकायचं ते स्वतःपुरतं खोका."